दोन गाळलेली वाक्ये

जबलपूरला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला ग्वारीघाट दाखविण्यासाठी कोणी सोबत घेऊन जावे लागत नाही; सामान लागले न लागले की तो आपण होऊनच तेथे जाऊन पोहोचतो. संध्याकाळची नर्मदेची आरती, पानांच्या द्रोणांतून सोडलेले दिवे, पलीकडच्या तीरावरील गुरुद्वारा, होड्यांची ये-जा आणि मधूनच 'नर्मदे हर' म्हणत पायऱ्या उतरणारे परिक्रमावासी, हे सारे त्याला नवे असले तरी परके वाटत नाही. परिक्रमावाशांत आपल्याकडची मंडळी पुष्कळ असतात. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांत एकदा तरी घाटावर अस्सल मराठी बोल कानी पडतात आणि घर सोडून आल्याचे दुःख तेवढ्यापुरते हलके होते. पूर्वी गोंदियाकडे जाणारी अरुंद रुळांची गाडीही ग्वारीघाटावरून जात असे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या माणसांना हे नाव ठाऊक असते ते बहुधा त्या गाडीमुळे.

या नावाचे मला पहिल्या दिवसापासून कुतूहल होते. एका नावाड्याला विचारले, तेव्हा त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की, येथे गौरीने तप केले, म्हणून हा गौरीघाट. त्याचाच ग्वारीघाट झाला. माझ्या मराठी कानाला मात्र त्या नावात निराळेच काही ऐकू येत होते. आमच्या विदर्भात गुरे राखणारे गोवारी आहेत. तेव्हा हा गोवाऱ्यांचा घाट असेल आणि एके काळी आपल्याकडची माणसे येथवर गुरे घेऊन येत असतील, असे एक चित्र मी मनाशी उभे केले, आणि घरी आल्यावर वहीत 'गोवारीघाट?' असे टिपूनही ठेवले. त्या टिपणाला पुराव्याचा लवलेश नव्हता. पुढे काही महिन्यांनी ते प्रश्नचिन्ह माझ्या बोलण्यातून केव्हा गळून पडले, हे माझे मलाच कळले नाही. घरी आलेल्या पाहुण्यांना मी ती व्युत्पत्ती निश्चित सत्य म्हणून सांगू लागलो होतो.

परमुलखात आपल्या ओळखीचे काही ऐकू येणे हा दोष नव्हे. ती माणसाची भूकच आहे. परंतु ज्या क्षणी ती भूक इतिहास म्हणून बोलू लागते, त्या क्षणी एक नैतिक प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न पंडितांचा आहे असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. तो माझाही आहे, हे मला ज्या प्रसंगाने कळले तो सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

येथील एका मराठी मंडळाने गणेशोत्सवात माझे व्याख्यान ठेवले. विषय होता 'जबलपूर आणि मराठे'. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सरकारी नोकरीत कागद वाचण्याची सवय झालेला एक साधा वाचक आहे. तथापि यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' हा १९३४ सालचा ग्रंथ मिळविला, जुनी जिल्हा-गॅझेटियरे पाहिली, आणि सव्वा तासाचे भाषण तयार केले. सागरला गोविंदपंत बुंदेले यांच्या वंशाने बसविलेला अंमल, १७९८च्या सुमारास नर्मदेच्या या खोऱ्यावर आलेली नागपूरकर भोसल्यांची सत्ता, १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती गेलेले जबलपूर, त्यानंतरही येथेच राहून गेलेली मराठी घराणी, हे सारे मी सांगितले. टाळ्या पडल्या. एका आजींनी, आपण दोन पिढ्या येथे राहत असूनही हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे डोळ्यांत पाणी आणून सांगितले. मी कृतार्थ होऊन घरी आलो.

श्रोत्यांत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते मराठी नव्हेत. मूळचे मंडला जिल्ह्यातील, तीस-बत्तीस वर्षे सरकारी महाविद्यालयांत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, आणि आपल्या प्रदेशाच्या इतिहासावाचून दुसरे व्यसन नसलेले असे हे प्राध्यापक. त्यांना मराठी चांगले समजते, कारण मराठी कागद वाचता यावेत म्हणून ते त्यांनी उतारवयात शिकून घेतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर ते मला भेटले. भाषणाबद्दल त्यांनी सौजन्याने दोन चांगले शब्द काढले, आणि मग, एखाद्या विद्यार्थ्याची उजळणी घ्यावी तितक्या सहजपणे, हिंदीतून विचारले, "साहेब, १७४२ आणि १७८१ ही दोन साले वेळेअभावी राहिली का?"

वेळेअभावी ती राहिली नव्हती. माझ्या टिपणात त्या दोन सालांची दोन वाक्ये होती. भाषणाच्या आदल्या रात्री मी त्यांवर रेघ मारली होती. उत्सवाचा प्रसंग, घरचीच मंडळी, त्यात हे कशाला, असा विचार मी केला होता. त्यांच्या प्रश्नावर मी 'हो, वेळ कमी पडला' असे म्हणालो. म्हणजे आदल्या दिवशी जे गाळले होते त्यावर दुसऱ्या दिवशी एक असत्य रचले. त्यांनी मान हलविली आणि विषय बदलला. त्यांनी मला खोटे पाडले असते तर मी वाद तरी घातला असता.

ती दोन वाक्ये कोणती, ते पुढे सांगेन. त्यापूर्वी आपल्यासारख्या, आयुष्याचा मोठा भाग परप्रांतात घालविणाऱ्या मंडळींना विचार करावयास लावणारा एक प्रश्न मांडतो. एखाद्या प्रदेशाचा इतिहास लिहिणाऱ्याची, किंवा नुसता सांगणाऱ्याचीही, निष्ठा कोणाशी असावी? ज्या प्रदेशाच्या प्रेमाने तो या कामाला प्रवृत्त होतो त्या प्रदेशाशी, ज्या समाजात तो जन्मला त्या समाजाशी, की पुराव्याशी? आणि या निष्ठांत विरोध आला तर प्रेम हा इतिहासकाराचा गुण मानावा की अवगुण?

प्रेम नको असे म्हणणे सोपे आहे. परंतु प्रादेशिक इतिहास हे कामच असे आहे की, प्रेमावाचून ते कोणी हाती घेत नाही. साम्राज्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला कीर्ती मिळते, मोठ्या राजधान्यांतील ग्रंथालये मिळतात. एका खोऱ्याचा, एका किल्ल्याचा, एका विस्मृत राजवंशाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या वाट्याला उन्हातान्हातील पायपीट आणि फुटक्या शिळा येतात. तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातील मुडवारा, म्हणजे आजचे कटनी, येथे १८६७ साली जन्मलेले रायबहादूर हिरालाल हे पेशाने आपल्यासारखेच सरकारी अधिकारी होते. आर. व्ही. रसेल यांच्याबरोबर मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील मोठा ग्रंथ त्यांनी १९१६ साली सिद्ध केला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड येथील शिलालेखांची व ताम्रपटांची त्यांनी केलेली सूची आजही अभ्यासकांना हाताशी ठेवावी लागते. दौऱ्यावर असताना वाटेवरच्या मोडक्या देवळापाशी किती अधिकारी घोड्यावरून उतरले असतील? हिरालाल उतरले, याचे कारण आपल्या मातीवरील ममत्वाखेरीज दुसरे काय असणार?

मात्र ममत्वाला जन्माचे बंधन नाही. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे. १८९३ साली कोकणात कुवळे या गावी जन्मलेला हा माणूस नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचा अध्यापक म्हणून आला. संस्कृत काव्ये शिकविता शिकविता त्यांचे लक्ष आसपासच्या खेड्यांत सापडणाऱ्या ताम्रपटांकडे गेले. शेतकऱ्याच्या नांगराला पत्रे लागतात, ते तहसीलदाराच्या कचेरीत येतात, १८७८च्या निखात-निधीच्या कायद्याप्रमाणे कागद होतात, आणि कोणी जाणता माणूस वेळेवर भेटला तर एक राजा, एक दान दिलेले गाव आणि एक तिथी इतिहासाच्या पदरात पडते. मिराशींनी हे काम जन्मभर केले. कलचुरि-चेदि संवताच्या लेखांचा त्यांनी संपादिलेला दोन भागांतील महाग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला, आणि वाकाटकांच्या लेखांचा १९६३ साली. जबलपूरपासून थोड्याच अंतरावर असलेले तेवर, म्हणजे प्राचीन त्रिपुरी, ही कलचुरींची राजधानी. राखालदास बॅनर्जी यांनी तेथील हैहयांवर आणि त्यांच्या वास्तूंवर लिहिलेला प्रबंध १९३१ साली आला होता. परंतु त्या राजवंशाचे सारे लेख एकत्र वाचून, ताडून, कालक्रमाने लावून देण्याचे श्रेय एका कोकणी माणसाला आहे. त्याच त्रिपुरीच्या भूमीत सागर विद्यापीठाच्या वतीने उत्खनन केले ते मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी; त्याचा वृत्तान्त १९५५ सालचाच. तेव्हा 'हा आपला प्रदेश नव्हे, आपल्याला काय त्याचे' ही सबब निदान आपण मराठी अधिकाऱ्यांनी सांगू नये.

परंतु या विद्वानांचे खरे मोठेपण मला निराळ्याच गोष्टीत दिसते. ज्या ममत्वाने ते कामाला लागले, त्या ममत्वाला त्यांनी निकाल देऊ दिला नाही. दीक्षितांनी कुदळ लावली ती कलचुरींच्या कीर्तीने गाजलेल्या जागी. हाती आले ते कलचुरींच्या कित्येक शतके आधीच्या वस्तीचे थर. त्यांनी तेच थर नोंदविले. मिराशी चेदि देशाच्या संवताचा माग काढीत गेले, तेव्हा त्यांना तो संवत मुळात चेदि देशाचा नसून पश्चिमेकडे आभीरांच्या राज्यात, इ. स. २४९च्या सुमारास सुरू झाला असे दिसून आले. ज्याला त्रिपुरीकरांनी अभिमानाने आपला संवत म्हणावे, तो बाहेरून आलेला! त्यांच्या ग्रंथात गुजरातचे लेख आहेत, नाशिककडचे आहेत, छत्तीसगढचे आहेत. एका प्रदेशाचा इतिहास प्रामाणिकपणे लिहावयास बसले की, त्या प्रदेशाच्या सीमा अशा आपोआप उसवत जातात. मौज अशी की, हा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूर आणि जबलपूर यांना एकत्र बांधणारा जुना प्रांत दोन राज्यांत वाटला गेला. ग्रंथाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते.

येथे एखादा वाचक म्हणेल की, मग याही गोष्टीचा आपल्याला अभिमान का वाटू नये? संवत आपल्याकडून गेला. दहाव्या शतकात त्रिपुरीच्या युवराजदेवाच्या दरबारी असलेला कवी राजशेखरही आपल्या पणजोबाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवितो. म्हणजे येथे बदलून आलेल्या महाराष्ट्रीयांत आपण पहिले नव्हे! अवश्य अभिमान वाटावा. मीही व्याख्यानात ही गोष्ट रंगवून सांगितली होती. पण तेथेच माझे पितळ उघडे पडते. राजशेखर मी सांगितला, कारण तो आपल्या जमेच्या बाजूला होता. खर्चाच्या बाजूची दोन वाक्ये मी गाळली.

आता ती दोन वाक्ये. १७४२ साली पेशवे बाळाजी बाजीराव यांनी गढा-मंडल्याच्या गोंड राज्यावर स्वारी केली. त्या प्रसंगी राजा महाराजशाह याचा अंत झाला आणि राज्यावर चौथाई बसली. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी शेवटचा राजा नरहरशाह याला पदच्युत करून ते राज्य खालसा केले.

वाक्ये एवढीच. त्यांत कोणाची निंदा नाही, विशेषण नाही. तरीही ती माझ्या हातून लिहिली जाऊन पुन्हा खोडली गेली. याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या इतिहासात १७४२ची ती मोहीम म्हणजे पेशवे आणि रघूजी भोसले यांच्या चढाओढीतील एक मुक्काम. एका ओळीत आटोपणारा. मंडल्याच्या इतिहासात तीच घटना म्हणजे राजधानीच्या किल्ल्याचा पाडाव आणि राजाचा मृत्यू. दुर्गावतीच्या वंशाचे ते राज्य. १५६४ साली आसफखानाशी लढता लढता राणी दुर्गावती पडली तेव्हाही जे पुरते संपले नव्हते, ओर्छ्याच्या जुझारसिंहाने चौरागड घेतला तेव्हाही जे तगून राहिले, ते अखेर संपले आमच्या हातून. त्या घराण्यातील शंकरशाह आणि त्याचा पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. त्यांच्या हौतात्म्यासमोर आम्ही नतमस्तक होतो, ते योग्यच आहे; मात्र त्यांच्या पूर्वजांची गादी तत्पूर्वीच कोणी काढून घेतली होती, हे सांगावयाचे राहून जाते.

असे राहून जाणारे मुक्काम अन्यत्रही आहेत. आपल्यापैकी जे कलकत्त्याला नोकरीस होते त्यांना बंगाली आयांच्या अंगाईगीतातील 'बर्गी' ठाऊक असेल. तो बर्गी म्हणजे आमचाच बारगीर. तेथील लोकांनी मराठ्यांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणावयास घेतला तो याच १७४२ साली. बदलीच्या गावी नवा शेजारी हसतमुखाने आपले स्वागत करतो, तेव्हा त्याच्या आजीच्या गाण्यात आपण कोणत्या रूपाने आलो आहोत, याची आपल्याला कल्पनाही नसते.

आता यावर आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा की, उत्सवाचे व्यासपीठ म्हणजे विद्यापीठाचा वर्ग नव्हे. परमुलखात चार मराठी माणसे आनंदासाठी जमली असता त्यांना पूर्वजांच्या स्वाऱ्यांची आठवण देण्यात कोणते पुण्य? दुसरा असा की, अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या कृत्यांचे उत्तरदायित्व आजच्या माणसावर कसे? पेशव्यांच्या फौजेत माझे पूर्वज होते की नाही, हेही मला माहीत नाही. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. मराठी अंमलाची जी काळी चित्रे आपण वाचतो, ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगविलेली. गढा-मंडल्याच्या राजांचा इतिहास लिहिणारा स्लीमन हा स्वतः या मुलखात नेमलेला कंपनीचा अधिकारी. त्याचा तो निबंध १८३७ साली छापला गेला. आधीचा अंमल जितका काळा, तितका आपला अंमल उजळ, हा हिशेब त्या लेखणीमागे नसेलच असे कसे म्हणावे?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. इंग्रजाच्या साक्षीत त्याचा स्वार्थ असेल तर ती कसून तपासावी. मराठी दफ्तरे आहेत, छापलेले कागद आहेत, त्यांच्याशी ताडून पाहावी. परंतु जी कसोटी इंग्रजाच्या साक्षीला, तीच आपल्या साक्षीलाही लावली पाहिजे. मी काय केले? प्रतिकूल साक्षीदार पक्षपाती आहे असे म्हणून त्याला बाहेर घालविले आणि अनुकूल साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही. आणि स्वारी झाली, राजाचा अंत झाला, राज्य खालसा झाले, या गोष्टी स्लीमनच्या रंगावर अवलंबून नाहीत. याच न्यायाने दुसऱ्या टोकाची अतिशयोक्तीही टाळली पाहिजे. आपलेच पूर्वज तेवढे लुटारू आणि बाकीचे सारे साधू, असे छाती पिटून सांगणे हीसुद्धा एक प्रकारची आत्मप्रौढीच. आसफखानही होता, जुझारसिंहही होता. प्रमाण सोडले की पश्चात्तापसुद्धा असत्य होतो.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. दोष वारसाहक्काने येत नाही. पण मग गौरव तरी वारसाहक्काने कसा येतो? अटकेपार गेलेल्या घोड्यांच्या टापा ऐकून माझी छाती फुगत असेल, तर मंडल्याच्या किल्ल्यापाशी थांबलेल्या घोड्यांकडे मला पाठ फिरविता येणार नाही. वारसा घ्यावयाचा तर जमाखर्चासह घ्यावा. नाहीतर दोन्ही सोडून मोकळे व्हावे. आपल्या हिशेबतपासनिसांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

राहिला पहिला आक्षेप, आणि खरी अडचण त्यातच आहे. कारण मी एकही खोटे वाक्य बोललो नव्हतो. माझ्या भाषणातील प्रत्येक साल बरोबर होते. परंतु आपण नोकरीतली माणसे आहोत. एखाद्या प्रकरणात सारे कागद खरे असून निर्णय खोटा कसा होतो, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. फाइलीतून एकच प्रतिकूल कागद काढून घेतला की पुरे. ज्याने तो काढला त्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही. उरलेल्या कागदांवर त्याने कितीही सुंदर टिप्पणी लिहिली असली तरी. मी ग्वारीघाटावर नेमके तेच केले होते. आणि ज्याच्या प्रकरणातील कागद मी काढला, तो पक्षकार समोर, श्रोत्यांत, शेवटच्या रांगेत बसला होता.

या प्राध्यापकांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. त्यांचे नाव देत नाही. दिलेले त्यांना आवडणार नाही. त्यांच्या नावावर मोठा ग्रंथ नाही. हिंदी नियतकालिकांतून विखुरलेले काही लेख, आणि कपाटभर वह्या. कोणत्या खेड्यात कोणती सतीशिळा, कोणत्या घराण्याकडे कोणती सनद, कोणता लेख पावसाने झिजत चालला आहे, याची तीस वर्षांची नोंद. पुढे आमची ओळख वाढली तेव्हा त्यांनी एकदा, फार आढेवेढे घेऊन, तरुणपणची एक हकीकत सांगितली. आपल्या गावाजवळच्या एका माळावर एक जुनी लढाई झाली, असे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका लेखात प्रतिपादिले होते. गावकऱ्यांना परमानंद झाला. वर्गणी काढून त्यांनी तेथे फलक लावला. दहा-बारा वर्षांनी जुने कागद पाहताना यांना आपली चूक कळून आली. कोणी विचारले नव्हते, कोणाच्या लक्षातही आले नसते. यांनी दुसरा लेख लिहून आपला निष्कर्ष मागे घेतला. गावातील काही मंडळी त्यांच्याशी अजून बोलत नाहीत. "फलक मात्र आहे तसाच आहे," ते हसून म्हणाले.

ज्या गावाच्या प्रेमाने त्यांनी हा उद्योग आरंभिला, त्याच गावाची प्रीती त्या उद्योगात गमवावी लागली, आणि तरीही त्यांचे गावावरील प्रेम उणे झाले नाही. इतिहासकाराने निर्मम असावे, असे आपण पुस्तकात वाचतो. मला आता वाटते की, निर्मम माणसाला सत्य सांगावयाला कष्ट पडत नाहीत, म्हणून त्यात त्याचे फारसे मोल नाही. ज्याला कष्ट पडतात आणि जो तरीही सांगतो, त्याच्या हाती आपल्या प्रदेशाचा इतिहास निर्धास्तपणे सोपवावा. ममत्वाने शोध घ्यावा. शोधात जे सापडेल ते ममत्वाला विचारून लिहू नये. अकबराच्या दरबारी बसून अबुल फजलने आपल्या धन्याच्या फौजेशी लढणाऱ्या दुर्गावतीचे शौर्य नोंदवून ठेवले. तो काही धन्याचा द्रोही नव्हता. त्याचा ग्रंथ धन्याच्या स्तुतीने भरलेला आहे. तरी तेवढी नोंद त्याने गाळली नाही, म्हणून आज दुर्गावतीच्या अभिमान्यांनाही त्याची साक्ष काढता येते. विजयी पक्षाच्या लेखकावर ही जबाबदारी अधिक असते, कारण पराभूतांचे कागद बहुधा राहत नाहीत.

पराभूतांचे जे राहते त्यालाही हाच नियम. मंडल्याजवळ रामनगरला हृदयशाहाच्या काळचा सतराव्या शतकातील शिलालेख आहे; त्यात गोंड राजांची पन्नासाहून अधिक नावांची वंशावळ कोरली आहे. त्यांतील आरंभीच्या नावांना दुसऱ्या कोणत्याही पुराव्याचा आधार मिळत नाही. आमच्या प्राध्यापकांना हे लिहावे लागले, आणि ज्यांना ती वंशावळ प्रिय आहे त्यांच्याकडून बोलणीही ऐकावी लागली. म्हणजे हा माणूस १७४२ची आठवण मला देतो ती मंडल्याचा वकील म्हणून नव्हे. मंडल्याच्या बाजूचे निराधार कागदही तो असाच बाजूला काढून ठेवतो.

आपण परप्रांतांत येतो, पाच-सात वर्षे राहतो, आणि बदलीचा हुकूम आला की निघून जातो. जेथे राहतो तेथील भाजीचे भाव, शाळा आणि घरमालक यांपलीकडे त्या भूमीशी आपले काय नाते? मला वाटते, निदान एवढे असावे की, त्या भूमीला आपण कोणत्या रूपांत पूर्वी भेटलो आहोत, ते आपल्याला माहीत असावे. आपल्या हुद्द्यामुळे आपल्याला कागद मिळतात, दौरे मिळतात, तहसिलीत येणाऱ्या ताम्रपटावर आपली सही होते. भेडाघाटचा अल्हणदेवीचा शिलालेख, कलचुरि संवत ९०७चा, म्हणजे इ. स. ११५५चा, एका परदेशी विद्वानाच्या हातून अमेरिकेतील ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेला. त्याने निदान तो वाचून छापला. आपण डोळे मिटून पुढे गेलो, तर जे जाईल ते वाचलेही न जाता जाईल.

गेल्या आठवड्यात मंडळाचे चिटणीस पुन्हा आले होते. यंदाच्या स्मरणिकेसाठी मागील भाषण लेखरूपाने हवे आहे. मी दोन दिवस मागून घेतले, टिपण काढले आणि रेघ मारलेली ती दोन वाक्ये जागच्या जागी पुन्हा लिहिली. ग्वारीघाटाच्या नावापुढचे प्रश्नचिन्हही परत घातले. चिटणिसांनी वाचून पाहिले, क्षणभर थांबले, आणि 'छापावयाचे ना हे असेच?' असे विचारले. मी होय म्हणालो. ते काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि चहा घेऊन गेले. छापून येईल तेव्हा काहींना रुचणार नाही. त्या आजींना काय वाटेल, याची मला थोडी काळजी आहे.

संध्याकाळी घाटावर गेलो. मंडल्याकडून आलेले पाणी आता बरगीच्या धरणात अडून मग येथे पोहोचते. प्राध्यापक नेहमीच्या पायरीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी वेळ कमी पडला नव्हता." ते म्हणाले, "मला माहीत होते." मग त्यांनी पिशवीतून आपली एक वही काढली, आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळातील एका मोडी कागदातील, त्यांना न लागलेला एक शब्द माझ्यापुढे धरला.